हापूसला वेगळा रकाना, सायकलींना मात्र एकच

गेल्या रविवारी आमचे धाकटे बंधू जेवायला आले होते. ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ते माहीत आहेतच. बँकेतून निवृत्त झालेत, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर त्यांचं मत तयार असतं. तर जेवताना विषय निघाला आमच्या वच्छीच्या नातीच्या सायकलीचा. बंधुराज आमटी भुरकत म्हणाले, "ताई, लाखाच्या वर किमतीची सायकल परदेशातून मागवणाऱ्यांनी कर भरायलाच पाहिजे. श्रीमंतांचे शौक आहेत ते. आपल्या लुधियानाच्या कारखान्यांनी जगायचं कसं?"

जेवताना वाद घालायचा नाही असा आमच्या घरचा दंडक आहे, म्हणून मी गप्प बसले. पण मनात ते राहिलंच. म्हणून आज सगळं इथे लिहून काढते. बंधुराज हा ब्लॉग वाचतात, प्रतिक्रिया मात्र फोनवर देतात. :)

आधी घडलं काय ते सांगते. वच्छी म्हणजे माझी बहीण. तिची नात कॉलेजात आहे आणि गेली काही वर्षं सायकलच्या शर्यतींत उतरते. पहाटे उठून यवतेश्वरचा घाट चढते आणि उजाडायच्या आत परत येते. सुरुवातीची सायकल तिच्या मास्तरांनी दिलेली, कोणाची तरी जुनी. तिचा मामा जर्मनीत नोकरीला आहे. त्याने २०२३ च्या दिवाळीत येताना तिच्यासाठी शर्यतीची सायकल खोक्यात घालून विमानाने आणली. आपल्या पैशात १,८०,००० रुपयांची. पोर खूप हरखली होती. मामाने विमानतळावर लपवाछपवी केली नाही, बिल सरळ पुढे केलं. ५०,००० ची सूट वजा झाली आणि उरलेल्या १,३०,००० वर ३८.५ टक्के म्हणजे ५०,०५० रुपये त्याने भरले. पावती माझ्यासमोर आहे. अधिकारी सभ्यपणे वागले, नियमाप्रमाणे वागले. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

ती पावती वाचून मला पहिला प्रश्न पडला तो शिक्षिकेला पडेल तसाच. सायकलीवरचा कर म्हणून हे ३८.५ कुठून आलं? माझा एक जुना विद्यार्थी न्हावा शेवाला मालाच्या कागदपत्रांची कामं करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, ती सायकल नव्हतीच. ती सामान होती."

मग त्याने जे समजावून दिलं ते मी दोनदा लिहून घेतलं. जगातली प्रत्येक वस्तू सीमेवरून येताना कुठल्या तरी आकड्याखाली बसवावी लागते. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही यादी १९८८ पासून लागू आहे, आणि आपलं दरपत्रक १९७५ च्या कायद्याला जोडलेलं असलं तरी त्याच यादीच्या बेतावर रचलेलं आहे. पहिले सहा आकडे सगळ्या जगाचे सारखे. पुढचे दोन आपले आपण घालायचे, ते आपण २००३ पासून घालतो. सायकलीचं शीर्षक ८७१२: 'बायसिकल व इतर सायकली, माल वाहायच्या तीनचाकीसह, मोटार नसलेल्या'. पण तीच सायकल प्रवाशाबरोबर आली तर ती ८७१२ राहत नाही, 'प्रवाशाचं सामान' म्हणून ९८०३ मध्ये जाते. कुणी स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा हवाईमार्गे मागवली तर ९८०४ मध्ये. चाकं दोन, पायडल दोन, बसणारी पोर तीच. नावं मात्र तीन.

गंमत म्हणजे मामाने ती सामानातून आणली म्हणून स्वस्तात पडली. २०२३ मध्ये व्यापारी मार्गाने आली असती तर ३५ टक्के सीमाशुल्क, आणि मग त्या वाढलेल्या रकमेवर १२ टक्के जीएसटी. हिशोब करा: १,८०,००० चे २,४३,०००, आणि त्यांचे २,७२,१६०. म्हणजे ९२,१६० रुपये नुसता कर. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ वर आला, ते चांगलं झालं. तरी आज त्याच किमतीवर ७५,१५० होतात.

आता बंधुराजांच्या लुधियानाकडे वळते. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. लुधियाना हे देशाच्या सायकलधंद्याचं गाव. तिथे केवळ बडे कारखाने नाहीत, मडगार्ड, पायडल, आरे बनवणारी लहान लहान शेडंही आहेत. चीनमधून स्वस्त माल येऊ लागला तेव्हा त्यांनी ओरड केली, आणि २०१२ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी सायकलीवरचं शुल्क १० टक्क्यांवरून एकदम ३० वर नेलं, सुट्या भागांवरचं १० वरून २० वर. २०२३ मध्ये सायकलीचं ३० चं ३५ झालं. मला लुधियानाबद्दल काडीचाही आकस नाही. मी स्वतः नोकरीची पहिली कितीतरी वर्षं तिथल्याच लेडीज सायकलवरून शाळेत गेले, पाऊस असो की चिखल.

पण मुद्दा असा, की ती माझी सायकल आणि वच्छीच्या नातीची सायकल ह्या एकमेकींच्या स्पर्धक आहेत का? काळी दणकट सायकल वीस किलोच्या आसपास भरते. तिच्यावर दुधाचे कॅन लागतात, गवताचा भारा लागतो, मागे बायको आणि पुढच्या दांडीवर मूल बसतं. आणि आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शर्यतीच्या सायकलीला जी कमीतकमी वजनाची मर्यादा घातलेली आहे ती आहे ६.८ किलो. कमीतकमी! म्हणजे जगातल्या स्पर्धकांच्या सायकली त्याच्या आसपास असतात आणि त्याहून हलकी चालत नाही म्हणून बजावावं लागतं. ही सायकल महाग झाली म्हणून कोणी पोर 'मग दूधवाल्याची घेते' असं म्हणत नाही. ती फक्त शर्यत सोडते. आपल्याकडे हलक्या सायकली कोणी बनवतच नाही असं माझं म्हणणं नाही. पण त्यांच्यावरचे शर्यतीचे गियर आणि ब्रेक बघा, ते जपानच्या, अमेरिकेच्या नाहीतर इटलीच्या कंपनीचे निघतात. तेव्हा ३५ टक्क्यांनी लुधियानाचं नक्की काय राखलं जातं, ते बंधुराजांनी मला समजावून द्यावं.

खरं दुखणं दरात नाही, रकान्यात आहे. ८७१२ च्या खाली आपण आपले दोन आकडे घालून किती भाग केले? दोन. '८७१२ ०० १०: बायसिकल' आणि '८७१२ ०० ९०: इतर'. संपलं! सहा वर्षांच्या पोराची, शेतमजुराची, पोस्टमनची आणि घाट चढणारीची सायकल सगळ्या एका ओळीत. मी चाळीसेक वर्षं मराठी शिकवलं. सामान्यनाम आणि विशेषनाम ह्यांतला फरक कळला नाही तर आम्ही मार्क कापत असू.

आणि आपल्याला बारीक वर्गवारी करता येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. ह्याच दरपत्रकात आंब्याचं पान उघडा. ताज्या आंब्यात हापूस वेगळा, केसर वेगळा, दशेरी वेगळा, लंगडा वेगळा, प्रत्येकाला आपापला आठ आकडी नंबर आहे. रत्नागिरीच्या माणसाने वाचलं तर डोळे भरून येतील. मला त्यात आनंदच आहे, आमचं माहेर कोकणातलं. पण ज्या देशाला कागदावर हापूस आणि लंगडा वेगळा ओळखता येतो, त्याला वीस किलोची आणि सात किलोची सायकल वेगळी ओळखता येऊ नये?

ह्यावर बंधुराजांचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण त्यांनी ते हात धुताना दिलं. "ताई, फाटे फोडले की चोरवाटा फुटतात." ह्यात तथ्य आहे. युरोपचं उदाहरण माझ्या विद्यार्थ्यानेच सांगितलं. १९९३ मध्ये युरोपने चिनी सायकलींवर ३०.६ टक्के जादा शुल्क बसवलं. तर लोक सायकली सुट्या करून भाग म्हणून आणायला लागले आणि तिकडे जोडायला लागले. १९९७ मध्ये भागांवरही ते शुल्क लावावं लागलं. २००५ मध्ये दर ४८.५ टक्के झाला. पुढे माल दुसऱ्या देशांतून फिरून यायला लागला, तेव्हा २०१३ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंका आणि ट्युनिशियापर्यंत ते शुल्क पसरलं. उंदीर-मांजराचा खेळ आहे खरा.

सुट्या भागांवरून आठवलं, हा भाग ऐकण्यासारखा आहे. सायकल सुटी केली की तिची पांगापांग कशी होते बघा. सांगाडा, खोगीर, पायडल ८७१४ मध्ये, म्हणजे निदान घरच्याच प्रकरणात. पण टायर जातो रबराच्या प्रकरणात, ४० मध्ये. साखळी लोखंडी वस्तूंत, ७३ मध्ये. घंटी ८३ मध्ये, कुलूपही तिथेच, पण वेगळ्या शीर्षकाखाली. पंप ८४ मध्ये यंत्रांच्या पंगतीला. दिवा ८५ मध्ये, हेल्मेट ६५ मध्ये टोप्यांबरोबर, आणि वेग दाखवणारं घड्याळ थेट ९० मध्ये मापनयंत्रांत. आणि सायकलीचे सगळे भाग एका खोक्यात घालून आणले, न जोडता, तरी नियम २(अ) म्हणतो की ही सायकलच. एखादा लहानसहान भाग कमी असला तरी 'मूळ स्वरूप' आलं असेल तर सायकलच. हा नियम मला मनापासून पटला. वस्तू कशाने ती वस्तू होते, हा विचार करणारं कोणीतरी तिथे बसलेलं आहे. मग तोच विचार आठ आकड्यांपर्यंत का पोचत नाही?

दुसऱ्या देशाने रेघ ओढलेली नाही असंही नाही. अमेरिकेच्या मूळ दरपत्रकात सायकलींना दोन दर आहेत, ११ टक्के आणि ५.५ टक्के. (तिकडे अलीकडे वर किती शुल्कं चढवली आणि उतरवली तो वेगळा विषय, त्यात मी शिरत नाही.) दोन्ही चाकं ६३.५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, वजन १६.३ किलोपेक्षा कमी, आणि टायर ४.१३ सेंटिमीटरपेक्षा जाड नाही, अशी सायकल असेल तर निम्मा दर. हे असले विचित्र आकडे कुठून आले म्हणून मी वहीत गुणाकार करून पाहिला. २५ इंच, ३६ पौंड आणि एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच! जुन्या काळचे इंच-पौंड जसेच्या तसे मेट्रिकमध्ये आणलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडचे कारखानदार जाड टायरच्या वजनदार सायकली बनवत आणि इंग्लंडहून हलक्या सायकली येत. १९५५ मध्ये आयसेनहॉवर ह्यांनी शुल्क वाढवलं तेव्हासुद्धा हलक्या सायकलींचा दर इतरांपेक्षा कमीच ठेवला होता. म्हणजे ती रेघही धंद्याच्या भांडणातूनच आलेली, फार थोर विचाराने नव्हे. पण हलकी आणि जड ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी मान्य केलं.

आपल्याकडे रेघ नसली तरी सूट आहे, असं कोणी म्हणेल. आहे. राष्ट्रीय क्रीडा महासंघांना, आणि सरावासाठी 'विशेष नामवंत' खेळाडूला क्रीडासाहित्य शुल्काशिवाय आणता यावं अशा तरतुदी वेळोवेळी अधिसूचनांतून झालेल्या आहेत. मला ह्याचाच सगळ्यात जास्त राग येतो! नामवंत झाल्यावर सायकल स्वस्त. आणि नामवंत व्हायचं कशावर बसून? पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही म्हणण्यातला प्रकार झाला हा. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ ह्यांनी तीच, सुमारे ४,८०० किलोमीटरची, एकेकट्याने पुरी केली. डॉक्टर मंडळी ही, आणि एक लष्करातले. ज्यांच्या मागे चांगली नोकरी-व्यवसाय आहे त्यांना चाळिशीच्या आसपास ते झेपतं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीचं काय? जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय टप्प्यांची सायकल शर्यत झाली, त्यासाठी रस्ते गुळगुळीत केले, आम्ही सगळे टीव्हीला चिकटून बसलो होतो. रस्त्यावर सरकार पैसे घालतं आणि त्या रस्त्यावर धावणाऱ्या सायकलीवर ४१ टक्क्यांहून जास्त घेतं.

आणि 'श्रीमंतांचे शौक' म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आणखी.

पहिली. ब्रसेल्सच्या त्या संघटनेच्या स्पष्टीकरणांत एक ओळ आहे. अपंगांच्या वाहनांचं वेगळं शीर्षक आहे, ८७१३. पण नेहमीचंच वाहन थोडा फेरफार करून घेतलेलं असेल तर ते त्यात बसत नाही. उदाहरण म्हणून चक्क सायकलच दिली आहे: एका पायाने पायडल मारता यावं असं जोडसाधन लावलेली सायकल ही ८७१२ च. माझ्या वर्गात १९८० च्या सुमारास एक मुलगा होता, डावा पाय पोलिओने गेलेला. गावच्या मिस्त्रीने पायडलला पट्टा बसवून दिला होता, आणि तो उजव्या पायाने सायकल मारत तीन मैलांवरून शाळेत यायचा. कुणी धरायला गेलं तर चिडायचा. तेव्हा त्या सायकलीला सायकलच म्हणा, ह्याला त्याने आनंदाने होकार दिला असता, मान्य. पण २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत आपल्याकडे अपंगांच्या वाहनावर ५ टक्के जीएसटी होता आणि सायकलीवर १२. पट्टा बसवलेल्या सायकलीसाठी वेगळा रकाना असता तर हा प्रश्नच उरला नसता. आणि आज अशी खास बनवलेली सायकल कोणी बाहेरून आणली तर तीही त्याच ओळीत, त्याच ३५ खाली.

दुसरी. लहान मुलांच्या सायकली. नियम असा, की मुलांची दोनचाकी म्हणजे सायकल, ८७१२. मुलांची तीनचाकी म्हणजे खेळणं, ९५०३. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. म्हणजे एक चाक जास्त असलं तर कर दुप्पट! पोर तिसरं चाक सोडून दोन चाकांवर यायला शिकलं की सरकार खूश होऊन सूट देतं, असं आपण नातवंडांना सांगायचं.

मोटार लावली तर आणखी तिसरंच. पायडलला मदत करणारी मोटार आली की सायकल ८७११ मध्ये, मोटरसायकलींच्या घरात जाते. आणि ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवर, त्यात ई-सायकल धरून, जीएसटी ५ टक्के. त्यामुळे सहा वर्षं असं चाललं, की बॅटरीवर बसलं तर ५ आणि स्वतःच्या पायांनी मारली तर १२. ते मिटलं म्हणून मी पेढे वाटणार नाही, सहा वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं का एवढंच विचारते.

२०२५ च्या अर्थसंकल्पात दरांची संख्या कमी करायची म्हणून सायकलीचं ३५ टक्के शुल्क २० वर आणलं. वर्तमानपत्रात 'सायकली स्वस्त' असं वाचून वच्छीचा फोन आला. मी सावकाश खालची ओळ वाचली. २० टक्के शुल्क, आणि १५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. वीस अधिक पंधरा किती, हे मी तिला फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तू अजून शाळाच घेतेस." आता शर्यतीची सायकल आणणारा शेतीच्या गोदामांना हातभार लावतो. शेतकऱ्याला पैसे मिळू देत, पण मग शुल्क लुधियानासाठी होतं की गोदामासाठी, ते एकदा ठरवा.

मी मागते ते फार नाही. दर खाली आणा असं सरसकट म्हणतच नाही. काळ्या सायकलीवर ३५ ठेवा, लुधियाना सुखाने नांदो. फक्त '८७१२ ०० १०' ह्या ओळीचे तीन-चार तुकडे करा. मुलांची वेगळी. शरीराच्या अडचणीसाठी बदललेली वेगळी. मोठ्यांची दहा किलोखालची वेगळी. आणि रेघ वजनावर ओढा, किमतीवर नको. किमतीचं बिल खोटं करता येतं, तराजूला लाच कशी देणार? बंदरात तराजू आहेतच. चोरवाटा फुटतील म्हणता, तर दूधवाल्याची सायकल कापून कापून दहा किलोखाली आणणारा चोर निघालाच तर मी स्वतः लुधियानाला जाऊन त्याचा सत्कार करीन.

आणि ह्या तुकड्यांना ब्रसेल्सला विचारायची गरज नाही. शेवटचे दोन आकडे आपले आहेत. हापूसला ज्या अधिकाराने नंबर दिला त्याच अधिकाराने हे होतं.

अर्थसंकल्पाच्या आधी अर्थ मंत्रालय लोकांकडून सूचना मागवतं. माझं पत्र लिहून तयार आहे. विद्यार्थ्याने आकडे तपासून दिले, 'बाई, एक शून्य कमी पडलंय' म्हणून मलाच सुधारलं. वच्छीने सही केली, नातीने केली, मामाने जर्मनीहून होकार कळवला. तिसऱ्या ओळीत जागा रिकामी ठेवली आहे. बंधुराज, रविवारी जेवायला येताना तुमचं ते शाईचं पेन घेऊन या. पुरणपोळी करणार आहे.